विश्लेषण : संगणकाचा वर्ग सर्व शाखांना खुला करणारे पु. का. केळकर कोण होते?

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेकडे निघाले की आधी सीप्झ लागते, मग पवई तलाव, मग आयआयटीचे मुख्य प्रवेशद्वार आणि शेवटी विक्रोळी. सीप्झमध्ये सॉफ्टवेअर कंपन्या, आयआयटीत अभियंते घडवणारे वर्ग आणि विक्रोळीत गोदरेजचे जुने कारखाने. या पट्ट्यात राहणारे हजारो तरुण आज सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत किंवा त्या वाटेवर आहेत. पवईच्या या संस्थेची आखणी ज्यांच्याकडे सोपवण्यात आली होती आणि ज्यांच्या कारकीर्दीत कानपूरच्या आयआयटीत संगणक हा सर्व शाखांचा विषय झाला, ते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर मात्र मराठी वाचकांना फारसे ठाऊक नाहीत. त्यांचे काम काय होते आणि सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धतशीर शिक्षणाशी त्याचा संबंध कसा पोहोचतो, हे समजून घेऊ.

केळकर कोण होते?

केळकर यांचा जन्म १ जून १९०९ रोजी धारवाडचा. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. पुढे बंगळूरुच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्युत तंत्रज्ञानाचे शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले आणि १९३७ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून परतले.

परतल्यावर त्यांनी अध्यापनाची वाट धरली. काही वर्षे बंगळूरुच्या त्याच संस्थेत शिकवले. १९४३ मध्ये ते मुंबईत माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख म्हणून आले. म्हणजे आयआयटी ही कल्पना कागदावर येण्याआधीच मुंबईच्या तंत्रशिक्षणाचा त्यांना जवळून अनुभव होता. विद्यार्थी काय शिकतो, कारखान्याला काय हवे असते आणि या दोहोंत अंतर कुठे पडते, हे पाहण्याची जागा त्यांना व्हीजेटीआयत मिळाली.

पवईशी त्यांचा संबंध कसा आला?

दुसरे महायुद्ध संपत असताना नेमलेल्या सरकार समितीने देशाच्या चार दिशांना चार उच्च तंत्रशिक्षण संस्था असाव्यात अशी शिफारस केली होती. पूर्वेची खरगपूरची संस्था १९५१ मध्ये सुरू झाली. पश्चिमेची मुंबईत व्हायची होती. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळणार होती. या संस्थेच्या नियोजनाची जबाबदारी १९५६ मध्ये केळकर यांच्याकडे आली. ते नियोजन अधिकारी आणि उपसंचालक होते.

पवईत तेव्हा इमारती नव्हत्या. त्यामुळे जुलै १९५८ मध्ये पहिली शंभर मुले वरळीला, कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या म्हणजे ‘सस्मिरा’च्या इमारतीत शिकू लागली. १० मार्च १९५९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पवईत कोनशिला बसली. शेजारच्या विक्रोळीत गोदरेजची वसाहत आणि कारखाने उभे राहिले होते. कुलुपे, कपाटे, टाइपरायटर असे साहित्य बनवणाऱ्या या पट्ट्याला लागूनच अभियांत्रिकीची नवी संस्था उभी राहत होती.

मात्र पवईचे बांधकाम पुरे होण्याआधीच केळकर यांना नवे काम मिळाले. उत्तरेच्या संस्थेसाठी कानपूर निवडले गेले होते. १९५९ मध्ये ते तिचे पहिले संचालक झाले.

कानपूरमध्ये त्यांनी वेगळे काय केले?

सुरुवात साधीच होती. डिसेंबर १९५९ मध्ये हारकोर्ट बटलर तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात, उपाहारगृहाच्या इमारतीत वर्ग भरू लागले. शहराबाहेर कल्याणपूरला नंतर मोठा परिसर उभा राहिला.

१९६२ मध्ये अमेरिकेच्या साहाय्याने ‘कानपूर इंडो-अमेरिकन प्रोग्राम’ सुरू झाला. एमआयटी, बर्कले, कॅलटेक, प्रिन्स्टन, कार्नेगी, मिशिगन, ओहायो स्टेट, केस आणि पर्ड्यू अशा नऊ संस्था त्यात होत्या. हा कार्यक्रम १९७२ पर्यंत चालला. परदेशी प्राध्यापक येणार, उपकरणे येणार, हे ठरले होते. पण काय शिकवायचे, हे संस्थेलाच ठरवायचे होते.

केळकर यांच्या कारकीर्दीत तिथे पाच वर्षांच्या बी.टेक.मध्ये सर्व शाखांना समान असा मोठा गाभा ठेवण्यात आला. स्थापत्य, यंत्र, विद्युत, रसायन अशी कोणतीही शाखा असो, विद्यार्थ्याला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, अभियांत्रिकीची मूलतत्त्वे आणि मानव्यविद्या शिकावीच लागे. वर्षाअखेरच्या एकाच परीक्षेऐवजी सत्र पद्धत आणि वर्षभर चालणारे मूल्यमापन आले. तरुण भारतीय संशोधकांना देश-परदेशातून शोधून आणण्यावर भर होता. रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव १९६३ मध्ये तिथे रुजू झाले, ते याच काळात.

संगणक आला, पण तो कोणासाठी होता?

१९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक कानपूरला पोहोचला. तो विमानाने चकेरीच्या हवाई दलाच्या तळावर उतरवण्यात आला. बर्कलेचे हॅरी हस्की आणि प्रिन्स्टनचे प्राध्यापक तो बसवण्यासाठी आणि शिकवण्यासाठी आले. भारतात त्याआधी संगणक नव्हते असे नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकातच एक यंत्र आले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा ‘टिफरॅक’ बनवला होता. पण ही यंत्रे मुख्यतः संशोधकांच्या कामासाठी होती.

कानपूरने संगणक पदवीच्या वर्गात आणला. ‘टीए ३०६’ या नावाचा प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम तिथे प्रसिद्ध झाला. पूल बांधायला शिकणाऱ्या मुलालाही फोरट्रान भाषेत प्रोग्राम लिहावा लागे. इतर संस्थांतील प्राध्यापक आणि शास्त्रज्ञांसाठी दहा दिवसांचे सघन वर्ग घेतले जात. तिथून परतलेला माणूस आपल्या संस्थेत हा विषय घेऊन जाई.

तेव्हा प्रोग्राम लिहिणे म्हणजे आधी कागदावर ओळी मांडणे, मग ८० रकान्यांच्या कार्डांवर एकेक ओळ छिद्रांच्या रूपात उमटवणे आणि कार्डांचा गठ्ठा यंत्राला देणे. एक स्वल्पविराम चुकला तरी गठ्ठा परत येई. त्यामुळे यंत्रापाशी जाण्यापूर्वी डोक्यात आणि कागदावर सगळे नीट मांडण्याची सवय आपोआप लागे. १९६५ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या एम.टेक.मध्ये संगणकशास्त्र हा पर्याय म्हणून आला आणि १९६६ मध्ये अधिक क्षमतेचा आयबीएम ७०४४ आला. इन्फोसिसचे एन. आर. नारायण मूर्ती यांनी १९६९ मध्ये याच संस्थेतून एम.टेक. केले.

मग केवळ प्रोग्रामिंग येणे पुरेसे का ठरले नाही?

जगभर त्याच सुमारास एक अडचण समोर आली. यंत्रे वेगवान झाली, पण मोठी सॉफ्टवेअर वेळेवर होईनात, खर्च वाढे, आणि तयार झालेली प्रणाली ज्याने मागवली त्याच्या उपयोगाची नसे. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे झालेल्या परिषदेत याच संकटावर चर्चा झाली. त्याच वर्षी डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी प्रोग्राममध्ये वाटेल तिथे उडी मारणाऱ्या ‘गो टू’ आज्ञेवर टीका केली. प्रोग्राम शिस्तीने, ठरावीक रचनांतून लिहावा, हा विचार पुढे आला.

पण प्रोग्राम कितीही शिस्तीत लिहिला, तरी मुळात काय बनवायचे हेच चुकले असेल तर? या प्रश्नातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘स्ट्रक्चर्ड सिस्टीम्स अ‍ॅनालिसिस’ ही पद्धत आकाराला आली. टॉम डीमार्को, ख्रिस गेन आणि ट्रिश सार्सन, एडवर्ड योर्डन आणि लॅरी कॉन्स्टंटाइन ही त्यातील महत्त्वाची नावे. केळकर यांनी ही पद्धत शोधली नाही आणि शिकवलीही नाही. पण ती भारतात रुजली, ती कानपूरसारख्या वर्गांतून तयार झालेल्या शिक्षकांमुळे.

स्ट्रक्चर्ड सिस्टीम्स अ‍ॅनालिसिस म्हणजे काय?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरमधील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचे उदाहरण घेऊ. समितीने ठरवले की मेंटेनन्सची बिले आता सॉफ्टवेअरमधून काढायची. एखादा उत्साही तरुण लगेच लॅपटॉप उघडून कोड लिहू लागेल. ही पद्धत सांगते की आधी चार गोष्टी करा.

पहिली, डेटा फ्लो डायग्राम. सुरुवातीला कागदावर एकच वर्तुळ काढायचे, ‘बिल प्रणाली’. बाजूला चौकोनांत सभासद, खजिनदार आणि बँक. कोणाकडून कोणती माहिती येते आणि कोणाकडे काय जाते, ते बाणांनी दाखवायचे. मग हे एक वर्तुळ फोडायचे. बिल तयार करणे, पैसे जमा करून घेणे, पावती देणे, थकबाकीची यादी काढणे, अशी चार-पाच वर्तुळे होतात. प्रत्येक वर्तुळ गरजेनुसार आणखी फोडता येते. नियम एकच : वरच्या चित्रात जे बाण आत-बाहेर जातात, तेच खालच्या चित्रातही जुळले पाहिजेत. एखादा बाण कुठूनच येत नसेल, तर कोणाला तरी विचारायचे राहून गेले आहे.

दुसरी, डेटा डिक्शनरी. ‘थकबाकी’ म्हणजे नेमके काय? व्याज धरून की वगळून? मागच्या वर्षाची की फक्त या तिमाहीची? सचिवाच्या मनात एक अर्थ असतो, खजिनदाराच्या मनात दुसरा. प्रत्येक शब्दाचा अर्थ एकदाच, एकाच ठिकाणी लिहून ठेवायचा.

तिसरी, निर्णय तक्ता. सभासदाची थकबाकी आहे का? घर भाड्याने दिले आहे का? पार्किंग घेतले आहे का? प्रश्न तीन, प्रत्येकाची उत्तरे दोन, म्हणजे एकूण आठ शक्यता. तोंडी विचारले तर समिती तीन-चार शक्यता सांगते. तक्ता मांडला की उरलेल्या रिकाम्या खणांकडे लक्ष जाते. घर भाड्याने आहे, पार्किंग आहे आणि थकबाकीही आहे, अशा सभासदाला नॉन-ऑक्युपन्सी चार्जवरही व्याज लावायचे का, हा प्रश्न बिल हातात पडल्यावर भांडणातून नव्हे, तर आधीच बैठकीत सुटतो.

चौथी, साध्या पण काटेकोर भाषेत कृती लिहिणे. ‘जर असे असेल तर हे करा, नाहीतर ते करा’, ‘प्रत्येक सभासदासाठी पुन्हा करा’, एवढ्याच ठरावीक वाक्यरचना वापरायच्या. ती कोणत्याही संगणकीय भाषेत नसते, त्यामुळे ज्याला कोडिंग येत नाही तो सचिवही ती वाचून चूक दाखवू शकतो. या पद्धतीचे खरे बळ यातच आहे. काम सांगणारा आणि काम करणारा या दोघांना एकच कागद समजतो.

भारतात हे शिक्षण वर्गापर्यंत कसे पोहोचले?

कानपूरच्या सुरुवातीच्या संगणक शिक्षकांपैकी एक होते प्रा. व्ही. राजारामन. फोरट्रान आणि प्रोग्रामिंगवरील त्यांची स्वस्त, सोपी पाठ्यपुस्तके देशभरच्या महाविद्यालयांत वापरली गेली. माहिती प्रणालींचे विश्लेषण आणि रचना यावरही त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिले. डेटा फ्लो डायग्राम आणि निर्णय तक्ते अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी त्यातूनच पहिल्यांदा शिकले.

१९८० च्या दशकात त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीतून एमसीए हा अभ्यासक्रम आला. अभियांत्रिकीला न गेलेल्या, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीधरांना सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात येण्याचा तो मोठा मार्ग ठरला. ‘सिस्टीम अ‍ॅनालिसिस अँड डिझाइन’ हा त्यातील महत्त्वाचा विषय. संगणक ही एका शाखेची मक्तेदारी नाही, हे कानपूरचे सूत्र आता आयआयटीच्या भिंतींबाहेर गेले होते. घाटकोपर, मुलुंड, विक्रोळीच्या मध्यमवर्गीय घरांतील बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या मुलामुलींसाठी या बदलाचा अर्थ नोकरी असा होता.

तेव्हा विरोध आणि टीका काय होती?

दोन आक्षेप मोठे होते. पहिला रोजगाराचा. हात रिकामे असलेल्या देशात माणसाचे काम यंत्राला का द्यायचे? १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याविरोधात कर्मचारी संघटनांनी तीव्र आंदोलन केले. कोलकात्यात तर यंत्र बसूच नये म्हणून कर्मचाऱ्यांनी पहारा दिला. परकीय चलनाची चणचण असताना महाग यंत्रे आणावीत का, हा प्रश्नही त्याला जोडून होता.

दुसरा आक्षेप आजही ऐकू येतो. सरकारी खर्चाने शिकलेले अनेक आयआयटी पदवीधर अमेरिकेला गेले. नऊ अमेरिकी संस्थांच्या मदतीने घडलेल्या कानपूरला ही टीका अधिकच लागू होत होती. तिथले वातावरण, पुस्तके, संशोधनाचे विषय अमेरिकेच्या जवळचे होते, हे खरे. मात्र त्याच वर्गांतून देशात राहून शिकवणारी पिढीही तयार झाली आणि पुढच्या पाठ्यपुस्तकांचा, अभ्यासक्रमांचा पाया तिने घातला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यामुळे केळकर यांच्या कामाचा हिशेब मांडताना कोणतीही एक बाजू वगळता येत नाही.

पवईत परतल्यावर काय झाले?

१९६९ मध्ये केळकर यांना पद्मभूषण मिळाले. १९७० मध्ये ते कानपूर सोडून मुंबई आयआयटीचे संचालक म्हणून आले. ज्या संस्थेची आखणी त्यांनी केली होती, पण जिचे बांधकाम पुरे होण्याआधी ते निघून गेले होते, तिथे ते अकरा वर्षांनी परतले. १९७४ पर्यंत ते या पदावर होते.

पवईची घडण वेगळी होती. मदत सोव्हिएत संघाची होती, संगणकही सोव्हिएत बनावटीचा ‘मिन्स्क’ होता. एकाच देशात, एकाच कायद्याखाली चालणाऱ्या दोन संस्था दोन वेगळ्या जगांतील यंत्रांवर शिकत होत्या आणि दोन्हींच्या आखणीत एकाच माणसाचा हात होता. त्यांच्याच कार्यकाळात, १९७३ मध्ये, काही किलोमीटरवर अंधेरीत सीप्झ सुरू झाले. पुढे तिथे सॉफ्टवेअर निर्यातीच्या कंपन्या आल्या. पवईत संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग मात्र १९८२ मध्ये, केळकर निवृत्त झाल्यानंतर स्थापन झाला.

ऑक्टोबर १९९० मध्ये केळकर यांचे निधन झाले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची मोठी भरारी त्यानंतरची. कानपूर आयआयटीच्या ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे.

आज ही पद्धत शिकण्याचा काय उपयोग?

१९७० च्या दशकातील त्या आकृत्या आता जशाच्या तशा सर्वत्र वापरल्या जात नाहीत. नंतर ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत आली, यूएमएल आले, अ‍ॅजाइल आले. महिनोन्महिने कागद रंगवत बसण्यापेक्षा थोडे बनवा, दाखवा, सुधारा, असा आजचा प्रवाह आहे. स्ट्रक्चर्ड पद्धतीवरची ही टीका रास्तच होती. जाडजूड दस्तऐवज तयार होईपर्यंत ग्राहकाची गरजच बदललेली असे.

तरीही अभियांत्रिकी, एमसीए, बी.एस्सी. आयटी या अभ्यासक्रमांत डेटा फ्लो डायग्राम अजून शिकवले जाते, प्रकल्पाच्या अहवालात ते काढावे लागते. बरेच विद्यार्थी प्रकल्प पूर्ण झाल्यावर, गुणांपुरते, आदल्या रात्री ते काढतात. तिथे त्याचा उपयोग शून्य. हेच चित्र पहिल्या आठवड्यात काढले, दुकानदाराला, क्लिनिकमधील कर्मचाऱ्याला किंवा सोसायटीच्या सचिवाला दाखवले आणि त्यांनी त्यात एक जरी चूक काढली, तरी पुढचे कित्येक दिवस वाचतात.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही सेकंदांत कोड लिहून देतात. त्यामुळे कोडिंग शिकावे की नाही, असा प्रश्न पालक आणि विद्यार्थी विचारतात. पण थकबाकीचा अर्थ कोणता धरायचा आणि निर्णय तक्त्यातील आठवा खण कसा भरायचा, हे साधनाला कोणीतरी सांगावेच लागते. ते सांगायचे तर काम समजून घ्यावे लागते, माणसांना विचारावे लागते आणि ऐकलेले नीट मांडावे लागते. स्थापत्यच्या मुलाला फोरट्रान आणि संगणकाच्या मुलाला मानव्यविद्या शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात या तिन्ही गोष्टींना जागा होती. आज नव्याने शिकायला बसणाऱ्याने भाषा कोणतीही निवडावी; सुरुवात मात्र कोरा कागद, एक वर्तुळ आणि चार प्रश्न यांपासून करावी.